लोणारचा गाळ आणि ‘दुष्काळ’ ह्या शब्दाची व्याप्ती

प्राचीन इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, पोथ्या आणि उत्खननांत सापडलेली खापरे ही अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे येतात. गेल्या काही दशकांत ह्या साधनांत एका मुक्या साधनाची भर पडली आहे. ते साधन म्हणजे गाळ. खाडीच्या मुखाशी, समुद्राच्या उथळ तळावर किंवा एखाद्या तळ्याच्या बुडाशी थरावर थर साचत गेलेला गाळ नळीने उभा कापून वर काढावयाचा. त्यातील खनिजे, परागकण आणि केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी जीवांची कवचे तपासावयाची. थरांचे वय किरणोत्सारी कार्बनाच्या साहाय्याने ठरवावयाचे. आणि ह्या सर्वांवरून पाणी केव्हा चढले, केव्हा उतरले, पाऊस केव्हा भरपूर होता व केव्हा रोडावला ह्यासंबंधी अनुमान करावयाचे, अशी ही पद्धती आहे.

ही पद्धती प्रथम बहरली ती समुद्राच्या काठी. फोरॅमिनीफेरा नावाचे एकपेशीय जीव चुन्याचे सूक्ष्म कवच बांधतात, आणि त्यांतील प्रत्येक जातीला पाण्याची विशिष्ट खोली व विशिष्ट खारटपणा मानवतो. त्यामुळे एखाद्या थरात कोणत्या जातीची कवचे आहेत हे कळले की त्या काळी तेथे किती खोल व किती खारे पाणी होते ह्याचा अंदाज बांधता येतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी अशा पुराव्यांवर पश्चिम किनाऱ्याचा इतिहास मांडला आहे. सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी ह्या किनाऱ्यावरील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १०० मीटर खाली होती, असा निष्कर्ष हाशिमी, निगम प्रभृतींनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. ह्याच संस्थेतील राजीव निगम ह्यांनी लोथल येथील विटांनी बांधलेल्या आयताकार कुंडाच्या गाळात फोरॅमिनीफेरा दाखवून दिल्यामुळे ते कुंड गोदी होते की सिंचनाचा तलाव, ह्या पुरातत्त्वज्ञांच्या जुन्या वादात एका अगदी वेगळ्या साक्षीदाराचा प्रवेश झाला.

बुलढाणा जिल्हा समुद्रापासून तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. तेथे चढणारा-उतरणारा समुद्र नाही. परंतु त्याच पद्धतीने वाचता येईल असे एक खारे पाणी मात्र आहे, ते लोणारचे. दख्खनच्या काळ्या पाषाणात अशनीच्या आघाताने निर्माण झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आणि त्याच्या तळाशी असलेले सरोवर ह्यांचे वर्णन अनेकांनी केले आहे. त्याची पुनरुक्ती येथे अवश्य नाही. ध्यानात घ्यावयाची गोष्ट एवढीच की ह्या सरोवराला बाहेर जाण्याची वाट नाही. पावसाचे पाणी, काही ओहोळ आणि ‘धारे’सारखे झरे ह्यांतून पाणी आत येते आणि बाहेर जाते ते केवळ वाफेच्या रूपाने. जितके पाणी कमी, तितके ते खारे व अल्कधर्मी. म्हणजे हे सरोवर एका अर्थाने पर्जन्यमापकच होय. मात्र त्याच्या नोंदी तळच्या गाळात लिहिल्या जातात.

त्या नोंदी वाचण्याचा सर्वांत विस्तृत प्रयत्न पॉट्सडॅम येथील भूविज्ञान संशोधन केंद्रातील सुषमा प्रसाद आणि त्यांचे भारतीय व जर्मन सहकारी ह्यांनी केला. सरोवराच्या तळातून त्यांनी १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ वर काढला. हिमयुगानंतरचा सर्व कालखंड, म्हणजे सुमारे अकरा हजार वर्षे, त्यात सामावलेला आहे. २०१३ साली अनूप प्रभृतींनी ‘जर्नल ऑफ क्वाटर्नरी सायन्स’मध्ये ह्या स्तंभातील कार्बोनेट खनिजांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि २०१४ साली प्रसाद प्रभृतींचा मुख्य निबंध ‘अर्थ अँड प्लॅनेटरी सायन्स लेटर्स’ ह्या नियतकालिकात आला. ह्या दोन निबंधांचे मराठी वाचकाच्या दृष्टीने परीक्षण करणे, आणि विशेषतः त्यांतील निष्कर्ष मराठीत उतरविताना शब्द कोठे अडखळतात हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निष्कर्षांचा गाभा असा. गेलुसाइट नावाचे एक खनिज आहे. ते सोडियम आणि कॅल्शियम ह्यांचे जलयुक्त कार्बोनेट असून पाणी आटून अतिशय क्षारयुक्त झाले म्हणजे त्याचे स्फटिक बनतात. कॅल्साइट किंवा ॲरॅगोनाइट स्तंभात सर्वत्र आढळते. गेलुसाइट मात्र केवळ दोनच पट्ट्यांत आढळले. पहिला पट्टा इ. स. १९५० च्या पूर्वी ४,६३० ते ३,८९० वर्षे, दुसरा २,०४० ते ५६० वर्षे. ह्या दोन पट्ट्यांवरून आणि अन्य रासायनिक पुराव्यांवरून मध्य भारतात मोसमी पाऊस दीर्घकाळ क्षीण राहिल्याचे दोन कालखंड मुख्य निबंधाने निश्चित केले; त्यांचा संबंध हिंदी व प्रशांत महासागरांतील उष्ण जलराशीशी जोडला; आणि शेवटी मध्य भारतातील पहिल्या वसाहती पहिल्या कालखंडाच्या आरंभाशी जुळतात व कृषिजीवन ह्या दोन कालखंडांच्या दरम्यान भरभराटीस आले, असेही सुचविले.

ह्या कामाचे मोल मोठे आहे ह्यात शंका नाही. मोसमी पावसाच्या ऐन मध्यवर्ती प्रदेशातून इतकी सलग, इतक्या बारकाईने कालबद्ध केलेली नोंद त्यापूर्वी उपलब्ध नव्हती. अरबी समुद्राच्या तळावरून किंवा हिमालयाच्या गुहांतून विदर्भाच्या पावसाचा अंदाज करावा लागे. तो आता विदर्भाच्याच मातीतून करता येऊ लागला. शिवाय संशोधकांनी एकाच साक्षीदारावर भिस्त ठेवलेली नाही. जुने परागकण वाचण्यापूर्वी आजच्या परागकणांचे वर्तन समजावून घ्यावे म्हणून ह्याच गटातील रीडेल प्रभृतींनी २०१५ साली विवरातील आजची वनश्री आणि तेथे पडणारे परागकण ह्यांची तुलना केली. हे पथ्य अत्यावश्यक आहे. ज्या वनस्पतींचे पराग वारा वाहून नेतो, त्या गवतासारख्या वनस्पती गाळात आपल्या खऱ्या प्रमाणापेक्षा अधिक बोलतात. ज्यांचे पराग कीटक नेतात, त्या जवळजवळ मुक्याच राहतात. बोलभांड्या साक्षीदारांची संख्या जास्त म्हणून त्यांचे म्हणणे खरे मानणारा न्यायाधीश जसा फसेल, तसाच परागकण नुसते मोजणारा संशोधकही फसेल. (आजच्या लोणारच्या काठावर माजलेली वेडी बाभूळ उद्याच्या परागशास्त्रज्ञाला कोणत्या भ्रमात पाडील हे सांगता येत नाही; एकोणिसाव्या शतकात परदेशातून आणलेले हे झाड पावसाविषयी फारसे काही सांगत नाही, माणसाविषयी मात्र सांगते.)

सूक्ष्म जीवाश्मांची अडचण याहून अवघड आहे. किनाऱ्यावर फोरॅमिनीफेरा जे काम करतात ते तळ्यात पुष्कळदा डायाटम करतात. मराठीत त्यांस करंडक वनस्पती असे अन्वर्थक नाव दिले गेले आहे, कारण त्यांचे कवच झाकण लावलेल्या करंड्यासारखे असते. पण हे कवच सिलिकेचे, म्हणजे काचेच्या जातीचे असते, आणि तीव्र अल्कधर्मी पाण्यात सिलिका विरघळते. लोणारच्या पाण्याचा अल्कधर्म प्रसिद्धच आहे. तेव्हा ज्या काळी पाणी सर्वाधिक क्षारमय झाले असेल नेमकी त्याच काळाची ही साक्ष पुसून जाण्याचा संभव सर्वाधिक. असा अभाव हा अस्तित्वाच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही. गेलुसाइटला येथे इतके महत्त्व का येते हे ह्यावरून कळेल: ते स्वतःच क्षारतेचे अपत्य असल्यामुळे क्षारता त्याला मारक होत नाही, तर तारक होते.

तथापि गेलुसाइट काय सांगते आणि काय सांगत नाही हे नीट वेगळे करणे अवश्य आहे. ते सांगते की पाणी आटले होते. का आटले, हे ते सांगत नाही. पाऊस कमी झाला म्हणून पाणी आटेल. उष्मा वाढून बाष्पीभवन वाढले म्हणूनही आटेल. आणि सरोवरात येणाऱ्या झऱ्यांचे पाणी माणसाने शेतमळ्यांकडे किंवा कुंडांकडे वळविले, तरी परिणाम त्याच दिशेचा होईल. पहिल्या पट्ट्याच्या बाबतीत तिसरी शक्यता विचारात घेण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र आहे, कारण ह्या पट्ट्याच्या उत्तरार्धात लोणारच्या परिसरात मंदिरे उभी राहिली, झऱ्यांची तीर्थे बनली आणि वस्ती नांदू लागली. सरोवर आणि पाऊस ह्यांच्या मधे माणूस उभा राहिल्यावर सरोवराच्या नोंदीतून माणसाचा वाटा वजा केल्याखेरीज पावसाचा वाटा हाती येणार नाही.

भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. ‘लोणार’ ह्या नावाचेच उदाहरण घ्यावे. लवण ह्या शब्दाचे प्राकृतात लोण होते, एवढे निर्विवाद. पण पुढचा ‘आर’ कोठून आला? लवणाकर, म्हणजे मिठाची खाण, ह्यातील क लोपून लोणार होऊ शकेल. लवणागार, म्हणजे मिठाचे कोठार, ह्यातील ग लोपूनही लोणारच होईल. आणि कुंभकार-कुंभार, सुवर्णकार-सोनार ह्या जोड्यांप्रमाणे लवणकार, म्हणजे मीठ करणारा, ह्याचेही रूप लोणार असेच होईल. ध्वनिनियम तिन्ही वाटांना सारखीच मोकळीक देतात. तीन वेगवेगळ्या आरंभांपासून एकच शेवट निष्पन्न होतो. नुसत्या शेवटावरून आरंभ निश्चित करता येत नाही. म्हणूनच तौलनिक भाषाशास्त्रात पुनर्रचित रूपापूर्वी तारकाचिन्ह देण्याचा दंडक आहे: हे रूप कोठे लिहिलेले सापडलेले नाही, ते अनुमानाने सिद्ध केलेले आहे, एवढी कबुली त्या चिन्हात असते. गाळावरून पुनर्रचिलेल्या पावसाच्या आलेखांवर असे कोणतेही तारकाचिन्ह नसते. निबंधाच्या विवेचनात सावधगिरीची वाक्ये असतात. आलेखाची रेघ मात्र ठाम असते, आणि पुढील लेखक उचलतात ती रेघ.

परंतु सर्वांत मोठा घोटाळा होण्याचा संभव आहे तो ह्या निष्कर्षाने इंग्रजीची वेस ओलांडून मराठीत पाऊल टाकताच. मूळ निबंधात दीर्घकाळ चाललेल्या क्षीण मोसमासाठी जो इंग्रजी शब्द योजिला आहे, त्याचा अर्थ कोशात पाहू गेल्यास ‘अवर्षण’ आणि ‘दुष्काळ’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी मिळतात, आणि सामान्य लेखकाची लेखणी सहजच दुसऱ्याकडे वळते. निबंधकर्त्यांनी आपल्या पारिभाषिक शब्दाची व्याख्या करून ठेविली आहे: काही दशके ते काही शतके मोसमी पाऊस दुर्बल राहिल्याचा काळ. ‘दुष्काळ’ ह्या शब्दात ह्यातले काय बसते?

दुष्काळ म्हणजे दुष्ट काळ. ह्या शब्दात पाऊस नाहीच. मराठीत ‘कोरडा दुष्काळ’ आणि ‘ओला दुष्काळ’ असे दोन्ही प्रयोग रूढ आहेत. अतिवृष्टीने पीक कुजले तरी तो दुष्काळच. जो शब्द ‘ओला’ हे विशेषण बिनतक्रार धारण करतो, तो पर्जन्याच्या अभावाचे नाव असू शकत नाही. अभावाचे नाव अवर्षण किंवा अनावृष्टी हे होय. दुर्भिक्ष हा तिसरा शब्द, आणि त्याचा रोख आणखी वेगळा: भिक्षा मिळणे जेव्हा दुर्घट होते तो काळ. येथे मोजमाप आहे ते दुसऱ्याच्या दारी शिल्लक असलेल्या धान्याचे. म्हणजे आकाशात काय झाले ते अवर्षण सांगते, घरादारात काय झाले ते दुष्काळ सांगतो, आणि समाजात काय झाले ते दुर्भिक्ष सांगते. शासनाच्या भाषेतही हा भेद पूर्वापार दिसतो. पुष्कळ वर्षे गावाची टंचाई ठरे ती पावसाच्या मिलिमीटरांवर नव्हे, तर पिकाच्या पैसेवारीवर. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की टंचाई. गेलुसाइटच्या स्फटिकाला पैसेवारी काढता येत नाही.

हा भेद न पाळल्यास काय होते ते दुसऱ्या पट्ट्याच्या कालमर्यादेवरून दिसेल. १९५० च्या पूर्वी २,०४० ते ५६० वर्षे म्हणजे स्थूलमानाने इ. स. पू. ९० ते इ. स. १३९०. हा सगळा काळ ‘दुष्काळाचा’ म्हणावयाचा झाला तर दुष्काळात काय काय घडले ह्याची यादी करावी लागेल. सातवाहनांचे ऐन वैभव ह्या काळातले. लोणारपासून फार दूर नसलेल्या वत्सगुल्मास, म्हणजे आजच्या वाशीमास, वाकाटकांची एक शाखा नांदली ती ह्याच काळात, आणि त्याच शाखेच्या हरिषेणाच्या कारकिर्दीत पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी कोरली गेली. वेरूळचे कैलास लेणे ह्याच काळातले. महाराष्ट्री प्राकृतापासून मराठीपर्यंतचा भाषेचा सगळा प्रवास, मराठीतले पहिले शिलालेख, ज्ञानेश्वरी आणि लीळाचरित्र हे सर्व ह्या पट्ट्याच्या आत पडते. लीळाचरित्रात तर खुद्द लोणारचाही उल्लेख आहे. चौदा-पंधरा शतकांचा दुष्काळ आणि त्यात ही निर्मिती, असे चित्र एखाद्या उत्साही लेखकाने रंगविल्यास त्याचा पाया शब्दकोशातील एका स्वल्पविरामावर उभा असेल. क्षीण मोसमाचा काळ म्हटल्यास मात्र विरोध उरत नाही. पाऊस सरासरीने कमी असेल. लोक त्याला सरावले असतील, ज्वारी-बाजरीसारखी पिके घेत असतील, तळी बांधीत असतील. शतकानुशतके टिकणारी परिस्थिती ही आपत्ती नसते, तो देशस्वभाव होतो.

याउलट मराठी माणसाच्या स्मृतीत ज्यांना खरोखर दुष्काळ म्हटले गेले ते कोठे पडतात हे पाहणे उद्बोधक आहे. दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ पासून बारा वर्षांचा मानतात. ग्रँट डफनेही तो तसाच नोंदविला आहे. १६३० ते १६३२ चा दख्खन-गुजरातचा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ हे तर सुपरिचित आहेत. गाळाच्या हिशेबाने हे तिन्ही दुसरा पट्टा संपल्यानंतरचे, म्हणजे क्षीण मोसम ओसरल्यानंतरचे आहेत. दुर्गादेवीच्या बाबतीत १३९० आणि १३९६ ह्या आकड्यांच्या जवळिकीचा मोह कोणाला पडेल. परंतु गाळाच्या कालगणनेत अशा पाच-सहा वर्षांना काहीच अर्थ नसतो, आणि त्या जवळिकीवर कार्यकारणभाव उभारणे अनुचित होईल. खरी गोष्ट अशी की गाळाचा कान दशकांचा व शतकांचा आहे. सलग दोन-तीन वर्षे पाऊस हुकला ही हाक त्याला ऐकू येतेच असे नाही. माणसाची स्मृती ह्याच्या नेमकी उलट आहे. तीन वर्षांची उपासमार ती पिढ्यान्‌पिढ्या सांगते आणि तीनशे वर्षांच्या मंद शुष्कतेची तिला दादही नसते.

शिवाय १६३० चा संहार केवळ पावसाने केलेला नाही. त्याच सुमारास शाहजहानच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या होत्या. १९७२ मध्ये पाऊस बुडाला, पण ठिकठिकाणी खडी फोडण्याची व बंधाऱ्यांची कामे निघाली, त्यांतूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला; म्हणून त्या वर्षाचे अवर्षण पूर्वीच्या अर्थाने दुर्भिक्ष झाले नाही. ‘दुष्काळ’ हा शब्द गाळाच्या तोंडी घातला की हा मधला सगळा माणसांचा व्यवहार नाहीसा होतो. ज्या जिल्ह्यात कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन ह्यांवर संसार चालतात, तेथे टंचाई ही चार हजार वर्षांची निसर्गाची रीतच आहे असे वाचनात येणे ही केवळ भाषांतराची चूक राहत नाही. तिच्या आडोशाला उत्तरदायित्व लपू शकते.

मुख्य निबंधातील वसाहतींसंबंधीचा निष्कर्ष ह्याच कसोटीवर घासून पाहावा लागतो. तेथे वाक्याची चाल मोठी लक्षणीय आहे. आरंभीचे क्रियापद ‘जुळणे’ ह्या अर्थाचे आहे: पहिल्या वसाहती व पहिल्या क्षीण मोसमाचा आरंभ हे एका काळी आले. वाक्याच्या शेवटास पोहोचेपर्यंत मात्र वसाहतींवर परिणाम करणारा प्रमुख घटक म्हणून हवामानाचा निर्देश होतो. ‘जुळले’ येथून ‘घडविले’ येथपर्यंतचा हा प्रवास एका स्वल्पविरामात उरकलेला आहे. पहिला पट्टा इ. स. पू. २६८० च्या सुमारास सुरू होतो. महाराष्ट्रातील सावळदा संस्कृतीची आद्य कृषिवस्ती इ. स. पू. २२०० च्या आगेमागे धरली जाते. त्यांच्यामधील अंतर काही शतकांचे आहे. शिवाय पाऊस रोडावल्यामुळे शिकारी-संग्राहक लोक शेतीकडे वळले म्हणावे, तर मग पाऊस सुधारल्यावरही शेतीच का भरभराटली, ह्याचे उत्तर स्वतंत्रपणे द्यावे लागते. पाऊस घटला तरी शेती आणि वाढला तरी शेती, असे दोन्हीकडून लागू पडणारे कारण पुष्कळदा कोठूनच लागू पडत नाही.

इनामगावची साक्ष येथे अधिक अडचणीची ठरते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या ह्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे केले. पूर्व-जोर्वे काळातील ऐसपैस आयताकार घरे जाऊन इ. स. पू. १००० च्या सुमारास तेथे लहान गोल झोपड्या आल्या, आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. म. के. ढवळीकर ह्यांनी ह्या ऱ्हासाचे कारण हवामान शुष्क होत जाणे हे दिले. लोणारचा स्तंभ पाहावा तर इ. स. पू. १९४० ते इ. स. पू. ९० ह्या काळात गेलुसाइट अजिबात नाही. म्हणजे ढवळीकरांची शुष्कता जेथे असावयास हवी तेथे सरोवर समाधानाने भरलेले दिसते. दोहोंतून काही निष्पन्न करावयाचे तर तीन पर्याय उरतात: घोड नदीचे खोरे पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथील शुष्कता लोणारला जाणवली नाही, किंवा जी शुष्कता आली ती गेलुसाइट बनण्याइतकी तीव्र नव्हती, किंवा इनामगावच्या झोपड्या हवामानाने नव्हे तर दुसऱ्याच एखाद्या कारणाने लहान झाल्या. ढवळीकरांच्या पर्यावरणवादी उपपत्तीवर पूर्वीही आक्षेप घेतले गेले आहेत. लोणारच्या गाळाने त्या वादात नवा मजकूर पुरविला आहे. खेदाची गोष्ट एवढीच की मुख्य निबंधाच्या समारोपात ह्या विसंगतीला वाव मिळालेला नाही. दोन कालखंडांच्या दरम्यानची भरभराट तेवढी पुढे आली आहे.

खुद्द बुलढाणा जिल्ह्यातही ताडून पाहण्याजोगी स्थळे आहेत. पूर्णेच्या खोऱ्यात संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजने आद्य ऐतिहासिक काळातील वस्ती व बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. दुसऱ्या क्षीण मोसमाच्या उंबरठ्यावर ह्या वस्तीने पाण्याची व्यवस्था कशी लावली हे तपासले गेल्यास, गाळ आणि माणूस ह्यांची एकाच जिल्ह्यात समोरासमोर उलटतपासणी करता येईल.

एक लहानशी, पण मराठीत हमखास नडणारी गोष्ट कालगणनेची. गाळाच्या शास्त्रात ‘आजपासून इतकी वर्षे पूर्वी’ म्हणताना ‘आज’ म्हणजे १९५० साल धरतात. व्याकरणाच्या दृष्टीने ‘आज’ हा वक्त्याबरोबर सरकणारा शब्द. शास्त्राने तो खुंटीला बांधून ठेवला आहे. मराठी लेखकाने खुंटी न पाहता ‘आजपासून ५६० वर्षांपूर्वी’ असे लिहिले की दुसरा पट्टा एकदम यादवोत्तर काळातून बहमनी सत्तेच्या अखेरीच्या दिशेने सरकतो. इसवी सनातच आकडे द्यावेत हे बरे.

शेवटी ज्या स्फटिकावर एवढी इमारत उभी आहे त्याच्या नावाविषयी. गेलुसाइट हे नाव गे-ल्युसाक ह्या फ्रेंच रसायनज्ञाचे. लोणारच्या क्षारांना त्यापूर्वीही नावे होती. आईन-इ-अकबरीत लोणारच्या क्षाराचा काच व साबण ह्यांसाठी होणारा उपयोग नमूद आहे. आणि इंग्रजी अमदानीतील नोंदींत तेथे निघणाऱ्या क्षारांचे प्रकार निरनिराळ्या स्थानिक नावांनी दिलेले आढळतात: डल्ला, निमक, खुप्पल, पापडी, भुस्की. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर व तळावर जो क्षार धरे तो काढणारांनी हे वर्गीकरण केले होते. ‘पापडी’ ह्या नावात तर क्षार कसा धरतो ह्याचे वर्णनच आले. पाणी किती आटले म्हणजे कोणता क्षार हाती लागतो, हे ज्यांना पोटासाठी ठाऊक असणे भाग होते, त्यांच्या ह्या शब्दांत सरोवराच्या पातळीची एक मोजपट्टी दडलेली असणे सर्वथा संभवनीय आहे. गाळाच्या स्तंभातील खनिजे आणि क्षारांची ही नावे एकमेकांसमोर ठेवून पाहण्याचे काम भूशास्त्रज्ञ व भाषाभ्यासक ह्यांनी मिळून करावयास हवे. त्यात पहिली अडचण आहे ती लिपीची: नोंदी रोमन लिपीत असल्यामुळे पहिले नाव ‘डल्ला’ की ‘दल्ला’, चौथे ‘पापडी’ की ‘पापरी’ हे कागदावरून ठरत नाही. क्षार काढण्याचा तो धंदा आता बसला आहे. ज्या घरांत तो चालत असे तेथील वृद्धांच्या तोंडून हे उच्चार टिपून घेण्याचे काम मात्र पुढील उन्हाळ्यातही करता येण्याजोगे आहे.